मॉक ट्रायल: वकील व्हावं की साक्षीदार?

मॉक ट्रायल म्हणजे विद्यार्थ्यांनी काल्पनिक खटला चालवायची स्पर्धा. अमेरिकेतल्या हायस्कूल मॉक ट्रायलच्या टीममध्ये घेतलं, की लगेच भूमिका विचारतात: वकील की साक्षीदार? मी दोन्ही केल्या आहेत. बहुतेकांना वकीलच व्हायचं असतं आणि त्यात गैर काही नाही. उलटतपासणीची मजा औरच. समोरच्या साक्षीदाराच्या जबानीतली, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांत आधीच दिलेल्या त्याच्या लेखी निवेदनातली, नेमकी ओळ हाताशी असेल तर त्याला 'हो की नाही' एवढ्यावर बांधून ठेवता येतं. शिवाय पुराव्याचे नियम खरे अंगवळणी पडतात ते वकिलाच्याच. ऐकीव पुरावा कधी चालतो आणि कधी नाही, यात साक्षीदार सहसा खोल शिरत नाही.

वकिलीवरून माझं मन उडालं ते सरतपासणीमुळे, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारण्यामुळे. तिथे सूचक प्रश्न, म्हणजे ज्यांत उत्तर आधीच सुचवलेलं असतं असे प्रश्न, विचारता येत नाहीत. समजा, रस्त्यावरचा दिवा बंद होता, यावर आपली सगळी बाजू उभी आहे. तुम्ही विचारता, "तिथे उजेड कसा होता?" साक्षीदार घाबरलेला, तो म्हणतो, "बरा होता." आता "दिवा बंद होता ना?" असं विचारलंत, की समोरून हरकत येणार आणि ती मान्यही होणार. जबानी दाखवून आठवण करून देण्याची सोय आहे. पण परवानगी मागा, कागद विरुद्ध पक्षाला दाखवा, साक्षीदाराला मनात वाचू द्या, कागद परत घ्या, मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. तोवर घड्याळ चालूच. राष्ट्रीय स्पर्धेत सरतपासणी आणि फेरतपासणी (उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारलेले प्रश्न) मिळून एका बाजूला 25 मिनिटं असतात आणि तेवढ्यात तीन साक्षीदार उरकायचे असतात. आठवडेच्या आठवडे घासून बसवलेली प्रश्नमालिका दुसऱ्याच्या आठवणीवर टांगलेली, हे मला शेवटपर्यंत जाचलं. दुसऱ्या कुणाला कदाचित एवढं जाचणार नाही.

साक्षीदाराचं तसं नाही. कागद न घेता उभं राहायचं, म्हणजे पाठांतर पक्कं हवं. जबानीत नसलेली महत्त्वाची गोष्ट मनानं घालायची नाही. उलटतपासणीत आपला वकील फक्त हरकत घेऊ शकतो, उत्तर पुरवू शकत नाही. पण जे उत्तर द्याल ते सर्वस्वी तुमचं. अडचणीचा प्रश्न आला की खोटं न बोलता, शांतपणे, परीक्षकांकडे बघत "हो, पण त्या वेळी मी रस्त्याच्या पलीकडे होतो" असं म्हणता येणं, याचं समाधान मला तरी समारोपाच्या भाषणातही मिळालं नाही. अर्थात, ते पलीकडे असणं जबानीत हवं. 'पण'च्या पुढचं तोडायला वकील टपलेलाच असतो, म्हणून आवाज न चढवता वाक्य पुरं करायची सवय आधीपासून लावावी लागते.

गुणांचं म्हणाल, तर राष्ट्रीय स्पर्धेत दोघांनाही 10 पैकीच गुण मिळतात. विजेतेपद गुणांवर ठरतं, खटल्याचा निकाल कुणाच्या बाजूनं लागला यावर नाही. त्यामुळे साक्षीदार म्हणजे दुय्यम हा समज मनातून काढून टाका.

पुढे कायदाच शिकायचा असं पक्कं असेल, तर वकिलाची भूमिका सोडू नका. पण पहिलंच वर्ष असेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर मी साक्षीदार घ्यायला सांगेन. त्यातही जिच्यात थोडी विसंगती आहे अशी जबानी मागून घ्या. उलटतपासणीत वकील तिथेच घुसतात.