पत्र्यात पक्के, रंगात कच्चे: तालुक्याच्या कॉलेजातलं डेंटिंग-पेंटिंग

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमात ऑटोमोबाइल शाखा आहे. तिथे सर्व्हिसिंगच्या जोडीला डेंटिंग-पेंटिंगचं प्रात्यक्षिकही घेतलं जातं. शाळेच्या पातळीवर ही गोष्ट दुर्मीळ आहे. एरवी मुलं ऑइल, ब्रेक, बॅटरीपर्यंत येऊन थांबतात. ठोकलेली गाडी सरळ करायला शिकायचं तर आयटीआयचा ऑटो बॉडी रिपेअरचा ट्रेड धरा, नाहीतर गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली दिवस काढा. ट्रॅक्टर, पिकअप आणि कोळशाच्या ट्रकांच्या या भागात डेंटरला काम कमी पडत नाही. त्यामुळे पोट्ट्यांचा ओढा असणारच.

पत्र्याचं काम इथे फार चांगलं शिकवतात. सुरुवात भंगारातले दरवाजे आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यावर होते. पहिला धडा असा की मार बसताना जी दुमड शेवटी पडली ती आधी उघडायची, आणि जिथे मार लागला तो खोलगट मधला भाग सगळ्यात शेवटी घ्यायचा. नवखा पोरगा नेमकं उलटं करतो. मधोमध हातोडी घालतो, पत्रा ताणला जातो आणि मग दाबला की टणकन आत-बाहेर उडतो. असा पत्रा सरळ करायला दुप्पट वेळ जातो. डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, मागून खोलगट भागाखाली धरून बाजूच्या उंचवट्यावर हलके ठोके मारायचे, हा सराव मुलांकडून इतका करून घेतात की हात आपोआप बसतो. तपासायला डोळ्यांपेक्षा तळवा बरा. हातावर पातळ सुती कापड घेऊन फिरवलं की अर्ध्या मिलिमीटरचा चढउतारही कळतो. ताणलेला पत्रा आकसवायला नाण्याएवढा ठिपका लाल करून ओल्या फडक्याने थंड करतात, तेही नीट दाखवतात.

वेल्डिंगमध्ये गॅस आणि मिग (विजेने तार वितळवून जोडणारं) दोन्ही आहेत. ट्रॉलीच्या जाड पत्र्याला गॅस चालतो. कारचा बाहेरचा पत्रा मात्र ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो, तो गॅसच्या उष्णतेने लाटांसारखा वाकतो. म्हणून मिगवर बारीक तार लावून, अडीच-तीन सेंटिमीटरवर टाके टाकत, एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला जात जोडतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, ही सवय इथल्या प्रत्येक मुलाला आहे. नव्या गाड्यांचं छत पेलणाऱ्या खांबांमध्ये जास्त ताकदीचं पोलाद असतं, ते तापवून सरळ केलं तर ताकद जाते आणि पुढच्या अपघातात खांब टिकत नाही, हेही सांगतात. गावातल्या बऱ्याच गॅरेजांत हे आजही पाळलं जात नाही. चॅसिस ओढायचं मशिन नाही, पण दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून डाव्या-उजव्या बाजूची तुलना करायला शिकवतात. शाळेकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्यायाचं होईल.

रंगाकडे वळलं की चित्र बदलतं. पुटीत, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायच्या लेपात, हार्डनर (तो घट्ट करणारं रसायन) अंदाजाने पडतो. वजनाने साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुटीला २ ग्रॅम, हे प्रमाण आहे. एक छोटा वजनकाटा आणला तरी प्रश्न सुटतो. हार्डनर कमी पडला तर पुटी मऊ राहते आणि पुढे खाली बसते. जास्त पडला तर महिनाभराने पांढऱ्या रंगातून पिवळट डाग वर येतात. मे महिन्यात ४५ अंशांत पुटी पाट्यावरच आवळते, म्हणून थोडी थोडी कालवावी. इथे एकदम डबा कालवून अर्धी फेकून देतात. थरही जाड देतात. २-३ मिलिमीटरच्या वर पुटी लागत असेल तर पत्रा अजून सरळ झालेला नाही असं समजावं.

त्याहून मोठी चूक म्हणजे पुटीवर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासणं. पॉलिएस्टर पुटी पाणी पिते, ते रंगाखाली अडकतं, पत्रा गंजतो आणि पावसाळ्यात फोड येतात. पुटी कोरडीच घासायची: ८० नंबरच्या पेपरने आकार, १८० ने ओरखडे कमी, मग २४०. पाणी लावायचं ते प्राइमर-सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, सुकल्यावर.

स्प्रे उघड्या शेडमध्ये होतो. काळ्या मातीची धूळ ओल्या क्लिअर कोटवर (रंगावरचा पारदर्शक थर) बसते, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर नसल्याने रंगात थेंबांचे खड्डे पडतात. वीज कमी-जास्त झाली की पॅनलच्या मध्यावर हवेचा दाब उतरतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पहाटे, वारा उठायच्या आत, जमीन ओली करून आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी सोडून फवारलं तर यातलं बरंच टळेल. उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर (रंग पातळ करायचं द्रव) घ्यावा.

एक बाब मात्र खपवून घेण्यासारखी नाही. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा क्लिअर कोट, फवारताना मुलं तोंडाला रुमाल बांधतात. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. त्याने एकदा दमा जडला की नंतर थोड्याशा संपर्कानेही तो उसळतो आणि कामगाराला पेंटिंग कायमचं सोडावं लागतं. रुमाल किंवा धुळीचा मास्क याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच योग्य. तो येईपर्यंत मुलांच्या हाती टू-के देऊच नये. कार्ट्रिज मास्कवर (हवा गाळणारी डबी लावलेला मास्क) निभावून नेऊ, असा विचारही नको. स्प्रे गनचा हात बसवायला साधं पाणी आणि जुना पत्रा पुरतो: गन १५-२० सेंटिमीटरवर, पत्र्याशी काटकोनात, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला.

पत्रा आणि वेल्डिंग शिकायला इथे बिनधास्त प्रवेश घ्यावा. प्रवेशाच्या दिवशी कार्यशाळा उघडायला लावून हवा पुरवणारे मास्क कुठे ठेवलेत ते पाहा. नसतील तर पेंटिंगसाठी बारावीचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण नागपूर किंवा अमरावतीच्या बूथ (रंग फवारायची बंद खोली) असलेल्या बॉडी शॉपमध्ये लावून द्या असा अर्ज पालकांनी प्राचार्यांकडे द्यावा. बंद बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास भाजलेला क्लिअर कोट कसा दिसतो, हे मुलांनी एकदा तरी जवळून पाहायला हवं.