डॅशकॅम घेताना: एक कॅमेरा की दोन, सॉकेट की फ्यूज

माझ्या मेहुण्याच्या गाडीला नागपुरात एका चौकात टेम्पो घासून गेला आणि थांबलाच नाही. गाडीत डॅशकॅम, म्हणजे काचेला लावलेला, रस्ता चित्रित करणारा कॅमेरा, होता. किल्ली फिरवली की त्याची स्क्रीन उजळायची, त्यामुळे सगळं ठीक आहे असंच सगळे धरून चालले होते. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं, तर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची निघाली. खड्ड्यांचे आणि गतिरोधकांचे धक्के कॅमेऱ्याने अपघात समजून एकेक फाइल 'लॉक' करून ठेवली होती. त्या मॉडेलमध्ये लॉक फाइलींवर नवं रेकॉर्डिंग चढत नव्हतं, त्यामुळे कार्ड भरलं आणि रेकॉर्डिंग बंद पडलं.

त्यानंतर एकाच महिन्यात आमच्या घरात दोन डॅशकॅम बसले. एक माझ्या नागपुरातल्या जुन्या हॅचबॅकमध्ये आणि दुसरा धाकट्या बहिणीच्या पुण्यातल्या नव्या छोट्या एसयूव्हीत. माझ्या गाडीची वॉरंटी कधीच संपली आहे, तिच्या गाडीची चालू आहे. माझी गाडी दिवसभर उन्हात उभी असते आणि रात्री कुंपणाच्या आत. तिची रात्री रस्त्यावर. त्यामुळे प्रश्न तेच असले तरी आमची उत्तरं वेगळी आली. तुमचं उत्तर यांपैकी कुणाच्या जवळचं आहे, ते बघा.

फोर-के की टेन-एटी

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'फोर-के' छापलेलं असतं. ते किती कामाचं, हे साध्या गणिताने कळतं. मोटारीची एका ओळीची नंबर प्लेट 500 मिलीमीटर रुंद असते आणि आपल्याकडच्या नंबरात बहुधा दहा अक्षरं-आकडे. 140 अंशांची लेन्स आणि 1080पी (टेन-एटी, आडवे 1920 पिक्सेल) रेकॉर्डिंग धरलं, तर प्रत्येक अंशाला जेमतेम 14 पिक्सेल येतात. दहा मीटरवरच्या प्लेटला मग साधारण 40 पिक्सेल, म्हणजे एका अक्षराला चार. चार पिक्सेलमध्ये 8 आणि B वेगळे ओळखू येत नाहीत. फोर-केमध्ये आडवे पिक्सेल दुप्पट, म्हणून तेच आठ होतात आणि डोळे बारीक करून का होईना, नंबर वाचता येतो. टू-के या दोन्हींच्या मधलं. थोडक्यात, 1080पीमध्ये जो नंबर पाच मीटरवर वाचता येतो, तो फोर-केमध्ये दहा मीटरवर. फरक खरा आहे, पण दुपटीपुरताच. 170 अंशांची लेन्स घेतली तर त्यातलाही काही भाग जातो, कारण तितक्याच पिक्सेलमध्ये जास्त रस्ता कोंबला जातो. 'जास्त रुंद म्हणजे जास्त चांगलं' हे दुकानात ऐकू येतं, ते मला पटत नाही.

हे झालं दिवसाचं. रात्री पिक्सेलपेक्षा सेन्सर, म्हणजे लेन्समागची उजेड टिपणारी चिप, महत्त्वाची. सोनीचे आयएमएक्स 307, 335 आणि 415 हे तिन्ही सेन्सर आकाराने जवळपास सारखेच, पण पहिल्यावर 20 लाख पिक्सेल, दुसऱ्यावर 50 लाख आणि तिसऱ्यावर 80 लाख. जागा तेवढीच आणि वाटेकरी जास्त, म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. त्यामुळे 415 असलेला फोर-के कॅमेरा दिवसा सरस असला, तरी अंधाऱ्या रस्त्यावर 335 असलेला कॅमेरा त्याच्या पुढे जाऊ शकतो. आयएमएक्स 678 हा 'स्टारव्हिस 2' पिढीतला सेन्सर आकारानेच मोठा आहे. फोर-के आणि रात्र दोन्ही हवं असेल तर तो शोधा, आणि त्याचे जादा पैसे द्यायची तयारी ठेवा. खोक्यावर सेन्सरचं नावच नसेल, तर तो 'फोर-के' लहान चित्र ताणून मोठं केलेला असण्याची शक्यता धरूनच चला.

तरीही समोरून वेगात गेलेल्या गाडीचा नंबर रात्री कोणत्याही डॅशकॅममध्ये मिळेल, ही आशा ठेवू नका. चित्र हलतं. शिवाय नव्या हाय सिक्युरिटी प्लेट आपल्याच हेडलाइटमध्ये चमकून पांढऱ्या दिसतात. एक्सपोजर (चित्राचा उजेड) एक पायरी खाली आणलं की थोडा फरक पडतो. त्याहून खात्रीचा उपाय फुकटचा आहे. माइक चालू ठेवायचा आणि नंबर दिसताक्षणी मोठ्याने वाचायचा. चित्रात नंबर पुसट आला तरी आवाजात राहतो. बहीण माइक बंद ठेवते, घरातलं बोलणं कार्डावर नको म्हणून. तिचंही म्हणणं रास्त आहे. म्हणून तिच्या फोर-केला अर्थ आहे आणि माझं टू-केवर भागतं.

पुढे एक की पुढे-मागे दोन

शहरातल्या कोंडीत मागून दुचाकी येऊन बंपरला टेकते, हे रोजचं आहे. पुण्यात तर नक्कीच. त्यासाठी मागचा कॅमेरा लागतो. पण त्याची वायर नेणं पुढच्यापेक्षा दुप्पट कटकटीचं. सेडानमध्ये ती छताच्या अस्तरातून मागच्या काचेपर्यंत सरळ जाते. हॅचबॅक आणि एसयूव्हीत कॅमेरा डिकीच्या दारावरच्या काचेला लावायचा असतो, आणि दार वर-खाली होतं. वायर बॉडी आणि दाराच्या मधल्या रबरी नळीतून ओवून घ्यावी लागते. ती बाहेरून तशीच सोडली, तर दाराच्या प्रत्येक उघडझापीला दुमडते आणि काही महिन्यांत आतून तुटते. 'नळीतून ओवणार का' हा प्रश्न कारागिराला आधीच विचारा. तो नाही म्हणाला तर दुसरा कारागीर बघा.

दुसरं, मागच्या काचेला वायपर नसेल तर पावसाळ्यात मागचा कॅमेरा चिखलाचंच चित्रण करतो. माझ्या गाडीला मागे वायपर नाही, म्हणून मी एकच कॅमेरा घेतला आणि वाचलेल्या पैशांत पुढचा बरा घेतला. बहिणीच्या गाडीला वायपर आहे, तिने दोन घेतले. टॅक्सी चालवत असाल तर आतला तिसरा कॅमेराही कामाचा, पण प्रवाशाला दिसेल अशी सूचना गाडीत लावा.

बॅटरी की कपॅसिटर

इथे मात्र मी अडून बसेन. किल्ली बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट मिटावी म्हणून डॅशकॅममध्ये थोडी वीज साठवलेली असते. काहींत ती लहान लिथियम बॅटरीत असते, काहींत सुपरकपॅसिटरमध्ये. पुण्यात, नाशिकात सावलीत गाडी लावणाऱ्याला कदाचित दोन्ही चालतील. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात. बंद गाडीत, काचेला चिकटून असलेल्या वस्तूचं काय होत असेल याची कल्पना करा. माझ्या पहिल्या डॅशकॅमची बॅटरी दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. लिथियम बॅटरी फुगणं म्हणजे नुसती बिघडलेली वस्तू नव्हे, आगीचा धोका आहे.

कपॅसिटर उष्णता बराच सोसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. तोटा एकच. गाडीची वीज गेली की काही सेकंदांत कॅमेरा बंद होतो, म्हणून तो काढून हातात धरून चित्रण करता येत नाही. मला ते कधी लागलंही नाही. व्हायोफो आपल्या कॅमेऱ्यांत कपॅसिटरच वापरते. सेव्हंटीमाय, क्यूबो, डीडीपाय यांच्या बाबतीत कंपनीच्या नावावर न जाता त्या-त्या मॉडेलच्या माहितीत 'सुपरकपॅसिटर' हा शब्द शोधा. 'बिल्ट-इन बॅटरी, अमुक एमएएच' असं लिहिलेलं दिसलं, तर विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने तो कॅमेरा खाली ठेवावा.

सॉकेट की फ्यूज

कॅमेरा कोणताही घ्या, वीज कुठून घ्यायची हा निर्णय त्याहून मोठा. सिगारेट लायटरचं 12 व्होल्टचं सॉकेट वापरलं तर कुठेही हात लावावा लागत नाही, वॉरंटीचा प्रश्न येत नाही आणि गाडी बदलली की कॅमेरा सोबत नेता येतो. माझी गाडी रात्री आत असते, मला पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही चालणारं रेकॉर्डिंग) नको, म्हणून मी सॉकेटवरच थांबलो. मोबाइलचं चार्जिंग अडतं, ते दोन तोंडांच्या चार्जरने सुटलं. फक्त त्या चार्जरची दोन्ही तोंडं एकाच वेळी पुरेसा करंट देतात ना, ते बघा. नाही तर मोबाइल लावला की कॅमेरा अधूनमधून बंद पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूज बॉक्सला जोडणाऱ्या वायरींचा संच. बहुतेक किटमध्ये तीन वायरी असतात. पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला, लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजला आणि काळी बॉडीच्या उघड्या धातूवरच्या बोल्टला. जोडणी 'फ्यूज टॅप'ने करायची. तो फ्यूजच्या जागी खोचला जातो, मूळ वायर कुठेही कापावी लागत नाही. वॉरंटीतल्या गाडीसाठी हे फार महत्त्वाचं. 'थोडी वायर सोलून जोडून देतो, कुणाला दिसणार नाही' म्हणणाऱ्या ॲक्सेसरीवाल्याकडे बहिणीने गाडी दिली नाही, ते बरं केलं. फ्यूज टॅपचे आकार वेगवेगळे असतात, त्यामुळे आधी आपल्या गाडीचा एक फ्यूज काढून जुळवून बघा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनाच्या फ्यूजना हात लावायचा नाही. सॉकेट, रेडिओ, सनरूफ असे बिनधोक फ्यूज निवडा आणि मल्टिमीटरने खात्री करा.

मग भीती राहते बॅटरी उतरण्याची. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण पाव ते अर्धा ॲम्पिअर घेतो. 0.3 धरला तर 12 तासांच्या रात्रीत 3.6 ॲम्पिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी 35 ॲम्पिअर-तासांची असली, तर रोज गाडी चालवणाऱ्याला काही होत नाही. पण गाडी अडीच दिवस जागेवर उभी राहिली की निम्मी बॅटरी गेली. किटवर व्होल्टेजचा कट-ऑफ असतो, म्हणजे बॅटरी तेवढी उतरली की कॅमेरा आपोआप बंद. अनेकदा 11.8 ठेवलेला असतो, आणि शिसं-आम्लाच्या बॅटरीत 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. 12.2 किंवा त्याहून वर ठेवा. बहिणीने 12.4 ठेवलाय. त्यामुळे कॅमेरा कधी पहाटेच बंद होतो, पण सकाळी गाडीला धक्का मारावा लागत नाही.

बसवताना

जागा आरशाच्या मागे, डावीकडे. चालकाच्या नजरेत येणार नाही, पण वायपर पुसतो त्या भागात असेल अशी. फास्टॅगवर चिकटवू नका. काचेवरच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटपट्टी धरत नाही. गाडीला एडासचा (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर त्याच्या समोर काही येऊ देऊ नका. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा, मगच चिकटवा.

वायर छताच्या अस्तरात बोटाने दाबत न्यायची, मग पुढच्या खांबातून खाली. बऱ्याच नव्या गाड्यांत त्याच खांबात पडदा-एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असते. वायर तिच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेली तर एअरबॅग फुगताना वायर आड येते किंवा माणसाच्या अंगावर फेकली जाते. हे काम मला स्वतः करायचं धाडस झालं नाही. माझ्या गाडीत पडदा-एअरबॅग नाहीत, म्हणून मी दाराच्या रबराखालून वायर नेली आणि तासाभरात मोकळा झालो. बहिणीने मात्र खांबाचं आवरण खोलून, तिच्यासमोर वायर मागून नेणारा कारागीर शोधला.

गाडीच घ्यायची असेल, तर कंपनीने बसवलेला डॅशकॅमही काही मॉडेलमध्ये मिळतो. ह्युंदाईच्या एक्स्टरमध्ये 2023 साली दोन कॅमेऱ्यांचा आला. वायरिंग आणि वॉरंटीची चिंता मिटते. पण त्याचा एक कॅमेरा पुढे आणि दुसरा गाडीच्या आत बघतो, मागच्या रस्त्याकडे नाही. फक्त डॅशकॅमसाठी वरचं व्हेरियंट घेणं मला महाग वाटतं.

पैशांचं म्हणाल तर पुढचा बरा कॅमेरा साधारण चार-पाच हजारांपासून, पुढे-मागे फोर-के दहा हजारांच्या आसपास आणि वर, किट हजार-दीड हजार. स्क्रीन, ॲप, 'लेन सोडली'च्या शिट्ट्या यांच्यासाठी जादा पैसे देऊ नका. जीपीएससाठी द्या. पण तो आपलाही वेग लिहून ठेवतो, हे लक्षात असू द्या.

कार्डावर मात्र काटकसर नको. फोर-केच्या एका तासाला 13 जीबीच्या आसपास लागतात, म्हणजे 128 जीबीच्या कार्डात नऊ-एक तास. हे कार्ड रोज पुसून पुन्हा लिहिलं जातं. मोबाइलचं साधं कार्ड त्यात लवकर दमतं, म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्या आणि भरवशाच्या दुकानातून घ्या. धक्क्याची संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवा. आपल्या रस्त्यांना तीच पुरते. महिन्यातून एकदा कालची फाइल उघडून बघा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

आणि खरंच काही घडलं तर फाइल मोबाइलवर घेऊन मूळ पुसू नका. जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं, की मूळ साधनच न्यायालयापुढे ठेवलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, प्रतीला लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश संख्याही (फाइलवरून काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) द्यावी लागते. म्हणून कार्ड लगेच काढायचं, लिफाफ्यात घालून वर तारीख-वेळ लिहायची आणि कॅमेऱ्यात दुसरं घालायचं. आमच्या दोन्ही गाड्यांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एकेक कोरं कार्ड आणि एकेक लिफाफा असतो.