प्रेशर वॉशर, ब्लीच की पावडर? काळवंडलेल्या फरश्यांशी माझी तीन वर्षं

घरामागच्या फरश्या हिरव्या-काळ्या झाल्या की दोन सल्ले न मागता मिळतात. एक म्हणतो, पाण्याची जोरदार धार मारणारं मशीन आण, तासाभरात मोकळा होशील. दुसरा म्हणतो, ब्लीच ओत आणि विसरून जा. मी तीन वर्षांत दोन्ही करून पाहिलं आणि आता तिसऱ्याच गोष्टीवर स्थिरावलोय. माझ्या फरश्या काँक्रीटच्या आहेत, खाली वाळूचा थर, सांध्यांतही वाळूच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझं मत बरंचसं त्या वाळूनेच बनवलंय.

प्रेशर वॉशर चालवायला मजा येते, हे कबूल. काळ्या फरशीवरून पहिला पट्टा ओढला आणि खालचा राखाडी रंग वर आला की मग हात थांबत नाही. वेळही खरोखर कमी लागतो. पण पाणी वाळलं की आपण कुठे रेंगाळलो आणि कुठे घाई केली, ते सगळं फरशीवर दिसतं. नोझल कधी जवळ, कधी लांब, त्यामुळे फिकट-गडद पट्टे उमटतात. पंख्यासारखी धार टाकणारं रुंद नोझल वितभर तरी वर धरलं तर हे बरंच टळतं. गोल तबकडीसारखी जोडणी मिळते, तिने आणखी एकसारखं काम होतं. मी मात्र पहिल्या दिवशी उत्साहात गोल फिरणाऱ्या धारेचं नोझल लावलं आणि चार फरश्यांवर कंस कोरून ठेवले. त्यांच्यावरून हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतं. वरचा गुळगुळीत सिमेंटचा थर गेला, आतली बारीक खडी उघडी पडली. पुढच्या ओल्या दिवसांत सगळ्यांत आधी हिरव्या झाल्या त्या याच चार. खरखरीत पृष्ठभागावर ओल आणि माती जास्त धरून राहते, शेवाळाला आणखी काय हवं?

तरी एवढ्यावरून मी मशीन बाजूला ठेवलं नसतं. ठेवलं ते वाळूमुळे. धार सांध्यावरून गेली की तिथली वाळू उसळून बाहेर येते. फरश्या स्वच्छ झाल्या, पण भिंतीवर गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे, दाराच्या काचेवर तेच, आणि सांधे बोटाचं पेर जाईल एवढे रिकामे. मग भिंत धुतली. मग भट्टीत सुकवलेली बारीक वाळू आणली. ती फरशी पूर्ण कोरडी असतानाच टाकावी लागते, नाहीतर वरच चिकटून बसते आणि फटीत उतरत नाही. दोन दिवस ऊन पडायची वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस. शेवटी कधीतरी तिरक्या हाताने झाडू मारून वाळू भरली. आठवड्याने ती खाली बसली, म्हणून पुन्हा भरली. तासाभराचं काम पंधरवडा पुरलं.

तोपर्यंत कोपऱ्यातल्या एका फरशीखालचीही वाळू सरकली होती. कडेवर पाय पडला की ती कलते आणि फटीतून गार, काळं पाणी थेट घोट्यावर उडतं. स्वच्छ मोजे घालून बाहेर पडावं आणि फचक. मशीनबद्दलचं माझं मत तिथे ठरलं. सांधे सिमेंटने पक्के भरलेले असतील तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हेही मान्य.

दुसऱ्या वर्षी ब्लीच. एक भाग ब्लीच, चार भाग पाणी, आधी फरशी साध्या पाण्याने ओली करून. हिरवं शेवाळ डोळ्यांदेखत फिकट पडतं. फरशीला घट्ट चिकटलेले, डांबराच्या थेंबांसारखे दिसणारे काळे ठिपके म्हणजे बहुतेक वेळा दगडफूल, बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. ते दगडाच्या छिद्रांत शिरलेलं असतं. त्याच्यावर ब्लीचइतकं झटपट दुसरं काही चाललेलं मी पाहिलं नाही, इतकं श्रेय द्यायलाच हवं. पण वास दोन दिवस जात नाही, पँटवर पांढरे डाग कायमचे राहतात, आणि धुतलेलं पाणी उताराने वाफ्यात गेलं तर कडेची झाडं करपतात. माझी करपली. शिवाय एकच नियम, पण तो मोडून चालत नाही: ब्लीचमध्ये ॲसिड, अगदी व्हिनेगरसुद्धा, मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेला क्लीनरही नको.

आता सोडियम परकार्बोनेट. नाव अवघड, वस्तू ओळखीची: कपड्यांचे डाग काढायची जी ऑक्सिजनवाली पावडर मिळते, तिच्यातला मुख्य घटक हाच. पाण्यात पडलं की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा चिकट मळ सोडवतो, पेरॉक्साइड शेवाळाचा रंग आणि जीव घेतो. मी बादलीभर कोमट पाण्यात मोठा कपभर पावडर विरघळवतो, गार पाण्यात ती सुस्तावते. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, फरशीवर ओततो आणि ब्रशने पसरवतो. बारीक फेस येतो, कान दिला तर चुरचुर ऐकू येते. अर्धा तास ते सुकू द्यायचं नाही, वाटलं तर वरून थोडं पाणी मारायचं. मग लांब दांड्याच्या ताठ नायलॉन ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे तुटलेले तुकडे फरशीत अडकून गंजतात. हातमोजे आणि चष्मा लागतोच, कारण हे पाणी डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. उरलेलं द्रावण बाटलीत बंद करून ठेवू नये, आत वायू साठत राहतो. तसंही काही तासांत त्यातला जोर संपतो.

यात खोट नाही असं नाही. खांदे भरून येतात. जुने काळे ठिपके एका फेरीत जात नाहीत, मला तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं आणि काहींच्या सावल्या अजून आहेत. मशीनने येतो तसा कोरा करकरीत रंगही येत नाही. पण सांधे जसेच्या तसे राहतात आणि भिंत धुवावी लागत नाही.

ॲसिडचं थोडक्यात: सांडलेल्या सिमेंटचे डाग सोडले तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. काँक्रीट, संगमरवर, चुनखडी हे सगळं ते खातं. नव्या काँक्रीटवरचा क्षारांचा पांढरा थर बहुधा पावसापाण्याने आपोआप कमी होतो, त्याच्यासाठी घाई नको. फवारून सोडून द्यायची शेवाळनाशकं कष्ट वाचवतात, पण परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि फवारल्यावर कोरडी हवा मिळावी लागते. घाई नसेल तर वाईट नाहीत.

अंगण खूप मोठं असेल, सांधे पक्के असतील किंवा पाठ-खांद्यांचा त्रास असेल, तर मशीनच घ्या. फक्त रुंद धार ठेवा आणि सांध्याच्या रेषेत न मारता तिरकं मारा. एरवी, एका कोपऱ्यातल्या फरशीवर आधी पावडर लावून बघायला काय हरकत आहे?

माझी ती कोपऱ्यातली फरशी अजून उचलून बसवायची राहिलीय. घरातले सगळे सवयीने तिच्यावरून ढांग टाकून जातात. पाहुण्यांना मात्र आधी सांगायचं दर वेळी राहून जातं.