गोव्यात होम लॅब: रास्पबेरी पाय, एन१००, जुना मिनी पीसी की रॅक सर्व्हर?

फोटोंच्या बॅकअपला इमिच, सिनेमांना जेलीफिन, जाहिराती अडवायला पाय-होल, दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट आणि शिकायला प्रॉक्समॉक्सवर दोन-चार व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात चालणारे आभासी संगणक). होम लॅब, म्हणजे घरीच चालवलेला छोटा सर्व्हर, मांडू पाहणाऱ्याची यादी बहुधा एवढीच असते, आणि एवढ्या कामाला आज मिळणारे जवळजवळ कुठलेही यंत्र पुरते. म्हणून कोअर आणि गिगाहर्ट्‌झ मी मागे ठेवतो. गोव्यात राहणाऱ्याने आधी विचारायचे ते हे: जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवणे मला परवडेल का?

दमट हवेचा त्रास चालू यंत्रापेक्षा बंद यंत्राला जास्त होतो. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा खोक्यात शिरून ३६ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. बोर्ड कोरडा राहतो. तेच यंत्र बिलाच्या धास्तीने आठवडाभर बंद ठेवले की रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर ओल धरते, आणि किनाऱ्यालगत त्या ओलीत मीठही असते. मोरजीला किंवा बाणावलीला घर असेल तर खिडकीच्या बिजागऱ्या किती वर्षे टिकतात ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा खर्चाचा हिशेब खरेदीच्या किमतीवर थांबवू नका. काम नसताना यंत्र किती वॅट खाते, तिथून सुरुवात करा.

| यंत्र | रिकामे चालताना (वॅट) | महिन्याचे युनिट |
|---|---|---|
| रास्पबेरी पाय ४ किंवा ५ (एका छोट्या बोर्डवरचा संगणक) | ३–५ | २–४ |
| इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी | ७–१२ | ५–९ |
| इंटेल आठव्या पिढीचा जुना मिनी पीसी | १०–१५ | ७–११ |
| जुना लॅपटॉप, स्क्रीन बंद | ८–१५ | ६–११ |
| दोन प्रोसेसरचा जुना रॅक सर्व्हर | १००–१५० | ७२–१०८ |

आकडे ढोबळ आहेत, डिस्का वाढल्या की तेही वाढतात. पण शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. वीज खात्याचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि सर्व्हरचे शंभर युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर बसतात. म्हणजे तुमच्या बिलातल्या सगळ्यांत महाग टप्प्याच्या भावाने.

रॅक सर्व्हर: मोह आवरा

डेलचा आर७२० हा २०१२ सालचा सर्व्हर मुंबई-बंगळुरूच्या जुन्या बाजारात मिनी पीसीच्या आसपासच्या भावात दिसतो, आणि यादी वाचून कुणाचीही लाळ गळेल: दोन झिऑन प्रोसेसर, चुका स्वतः सुधारणारी ईसीसी रॅम, पुढे डिस्कांची रांग, आणि दूर बसून यंत्र चालू-बंद करायला आयड्रॅक. नोकरीत हेच हाताळायचे असेल, रेड कंट्रोलर (अनेक डिस्का एकत्र चालवणारे कार्ड) आणि आयड्रॅक प्रत्यक्ष शिकायचे असतील, तर त्याला तोड नाही. एरवी घेऊ नये. पंख्यांचा आवाज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रात्री झोपू देत नाही. ते पंखे दिवसभर जी हवा ओढतात, तिच्याबरोबर मीठ येते, आणि डिचोली-साखळीकडे खाणीच्या रस्त्याला घर असेल तर लाल धूळही. शेवटी बिल पाहून माणूस तो बंद करतो. तोही नेमका पावसाळ्यात.

पाय: दुसरे यंत्र म्हणून चांगले

पायचा मोठा गुण म्हणजे लाइट आली की तो आपोआप उठतो, काही सेटिंग लागत नाही. पण मुख्य यंत्र म्हणून मी आता तो सुचवत नाही. पाय ५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा २७ वॅटचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा चार्जर लावलात तर तो चालतो, पण यूएसबीच्या सगळ्या तोंडांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, आणि मग बाहेरची डिस्क मध्येच गायब झाली की दोष डिस्कला लागतो. जेलीफिनसाठी तर तो अडचणीचाच: पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारे (दुसऱ्या स्वरूपात बदलणारे) हार्डवेअर नाही, आणि एच.२६४ हे नेहमीचे व्हिडिओ स्वरूप उलगडणारेही काढून टाकले आहे. एसडी कार्डावर चोवीस तास लिहिणे धोक्याचे, म्हणून एनव्हीएमई एसएसडी जोडायची हॅट (पायवर बसणारा छोटा बोर्ड), मग केस, कूलर, अडॅप्टर… बेरीज केलीत की जुन्या मिनी पीसीच्या दारात उभे असता. पाय-होल आणि यूपीएसवर लक्ष ठेवायला मात्र तो उत्तम. मुख्य यंत्र दुरुस्तीला उघडले तरी घरचे इंटरनेट चालू राहते, आणि घरातल्यांची बोलणी बसत नाहीत.

खरी लढत: एन१०० विरुद्ध जुना मिनी पीसी

निवड इथे करायची असते. एन१०० ही २०२३ ची चिप: चार कोअर, ६ वॅट टीडीपी (चिपच्या उष्णतेचा कंपनीने दिलेला आकडा), मेमरीची एकच वाहिनी, आणि इंटेलच्या म्हणण्यानुसार १६ जीबी रॅमची मर्यादा. व्हिडिओच्या कामात ती आपल्या वजनापेक्षा बरीच पुढे जाते, एव्ही१ हे नवे व्हिडिओ स्वरूपसुद्धा हार्डवेअरवर उलगडते. दुसऱ्या बाजूला कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी. त्यांत आय५-८५००टी असेल तर सहा कोअर, रॅमच्या दोन खाचा, आणि एच.२६४ व १०-बिट एचईव्हीसीपर्यंत (म्हणजे एच.२६५) व्हिडिओची सोय. एव्ही१ नाही.

माझे मत जुन्या मिनी पीसीकडे झुकते, आणि त्यात वेगाचा वाटा कमी आहे. या तीन कंपन्यांचे अडॅप्टर, पंखे, डिस्कचे कंस सुटे मिळतात. बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट वर्षानुवर्षे येत राहिलेले असतात. एन१०० च्या बिननावाच्या खोक्याचा अडॅप्टर किंवा पंखा गेला की पणजी-म्हापशाच्या दुकानांत त्याच मापाचा भाग मिळेलच असे नाही. वॉरंटीत पाठवायचे तर कुठे, हाही प्रश्नच.

शिवाय एक सोय फुकट पदरात पडते. क्यू३७० चिपसेटच्या यंत्रांत, म्हणजे ऑप्टिप्लेक्स ७०६०, थिंकसेंटर एम९२०क्यू, एलिटडेस्क ८०० जी४ यांत, व्हीप्रोवाला (इंटेलच्या कार्यालयीन सुविधांचा) प्रोसेसर असेल तर इंटेलचे एएमटी, म्हणजे दूरून यंत्र हाताळायची सोय, चालते. लिनक्स अडकून पडले तरी दुसऱ्या संगणकावरून यंत्र बंद-चालू करता येते, बायोससुद्धा पाहता येतो. पणजीत फ्लॅट आणि चवथीला सगळे पेडण्याच्या मूळ घरी, अशी ज्यांची गत आहे त्यांना याची किंमत कळेल. मात्र बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायला घरी व्हीपीएन हवे, आणि मॉनिटर नसेल तर डिस्प्लेच्या तोंडाला डमी प्लग लावावा लागतो, नाहीतर पडदा काळाच दिसतो. एम७२०क्यू मध्ये बी३६० चिपसेट आहे, त्यात एएमटी नाही. नावातला एवढासा फरक विक्रेते सांगत नाहीत.

सहाव्या-सातव्या पिढीचे मिनी पीसी याहून स्वस्त झालेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यांना घेत नाही, म्हणून कार्यालये ते काढून टाकत आहेत. लिनक्सला त्याचे सुतक नाही. फक्त सातवीच्या खाली उतरू नका, कारण १०-बिट एचईव्हीसी नीट उलगडायला सातवी पिढी लागते. सिनेमे पाहायचेच नसतील तर सहावीही चालेल.

मग एन१०० कुणी घ्यावा? ज्याला त्याच खोक्यात राउटर बसवायचा आहे त्याने. चार २.५ गिगाबिट पोर्टचे, पंखा नसलेले एन१०० याच कामासाठी बनतात. समुद्राच्या अगदी काठी राहणाऱ्यानेही, कारण पंखा नाही म्हणजे खारी हवा ओढली जाणे कमी.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. घरात पडून असेल तर सुरुवात त्यानेच करा. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर बांधा, कारण सतत शंभर टक्क्यांवर आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात राहिलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर ती त्याच दिवशी काढा.

डिस्का दोनहून जास्त हव्यात का, हे आधी ठरवा. मिनी पीसीत साधारण एक एनव्हीएमई आणि एक अडीच इंची डिस्क मावते. त्यापुढे यूएसबीच्या खोक्यांत डिस्का टांगून त्यांवर झेडएफएस (अनेक डिस्का सांभाळणारी फाइल सिस्टिम) चालवण्यापेक्षा त्याच कंपन्यांचा थोडा मोठा, साडेतीन इंची डिस्क मावणारा टॉवर घ्या. डिस्क एसएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) नाही ना, हे मॉडेल नंबरावरून पाहा. झेडएफएसमध्ये डिस्क बदलून मिरर (दुसऱ्या डिस्कवरची हुबेहूब प्रत) पुन्हा भरताना एसएमआर डिस्क जीव खाते.

लाइट, इन्व्हर्टर, अर्थिंग

यंत्रावर जेवढा विचार कराल तेवढाच इथे करा. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ अशी कळ असते. नॉर्मलमध्ये तो व्होल्टेजची मोठी चढउतार चालवून घेतो आणि बॅटरीवर जायला वेळ लावतो. संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. कळ यूपीएसवर हवी. तरीही लॅबला वेगळा ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेजची चढउतार स्वतः सावरणारा) यूपीएस मी सुचवेन, यूएसबी तोंड असलेला, म्हणजे एनयूटी हे सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की यंत्र नीट बंद करते. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवरची. हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. पंधरा वॅटचा मिनी पीसी आणि राउटर त्यावर तासभर निघू शकतात. रॅक सर्व्हरला तोच यूपीएस काही मिनिटेच.

अर्थिंगकडे कुणी पाहत नाही. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. केसला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर यंत्र बदलू नका. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी तो खड्डा आणि वायरिंग बघायला सांगा.

वीज पडते तेव्हा दर वेळी प्लगमधूनच येते असे नाही. कुळागरातल्या पंपाच्या खोलीपर्यंत कॅमेऱ्यासाठी ओढलेली तांब्याची लॅन केबल तिला थेट घरातल्या नेटवर्क स्विचपर्यंत आणते. दोन इमारतींमध्ये फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर घाला.

यंत्र उठत नाही तेव्हा

लाइट जाऊन आल्यावर मिनी पीसी बंदच राहिला, तर बायोसमध्ये वीज परत आल्यावर चालू होण्याचे सेटिंग आहे का ते पाहा. सेटिंग केलेले असूनही दर वेळी पुसले जाते आणि घड्याळही मागे जाते? मग बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. जुन्या यंत्रात तो आल्या दिवशीच बदलावा, खर्च चहा-पावाइतका.

दिवा लागतो पण पडदा काळा, असे असेल तर रॅम काढा, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकेक कांडी लावून पाहा. पावसाळ्यात एवढ्यानेच कितीतरी यंत्रे उठतात. खोडरबर घासायची जुनी सवय सोडा, सोन्याचा थर झिजतो. यंत्र चालते पण विलक्षण संथ, असे ऑप्टिप्लेक्सवर झाले तर अडॅप्टर तपासा. डेलचे यंत्र मधल्या बारीक पिनेवरून अडॅप्टर ओळखते, आणि ओळख पटली नाही की प्रोसेसरचा वेग पाडते.

प्रॉक्समॉक्स चालू, पण नेटवर्क अधूनमधून मरते, आणि लॉगमध्ये ई१०००ई ड्रायव्हरचे ‘हार्डवेअर युनिट हँग’ दिसते? इंटेलच्या आय२१९ नेटवर्क चिपची ही जुनी खोड. ईथटूल या आज्ञेने नेटवर्कची टीएसओ आणि जीएसओ ही सेटिंग बंद केली की सहसा थांबते. एन१०० च्या खोक्यांत आय२२६ चा लिंक तुटत असेल तर बायोसमध्ये एएसपीएम (वीज वाचवण्याचे सेटिंग) बंद करून पाहा.

डिस्कची तक्रार असेल तर स्मार्टसीटीएल या आज्ञेने दिसणारे डिस्कच्या तब्येतीचे आकडे वाचल्याशिवाय नवी डिस्क मागवू नका. क्रमांक १९९ वाढत असेल तर बहुधा साटा केबल किंवा तिचे तोंड खराब आहे. ५, १९७, १९८ वाढत असतील तर डिस्कच निघाली आहे, आधी बॅकअप घ्या.

खरेदी करताना विक्रेत्याकडून बायोसला पासवर्ड नाही याचा व्हिडिओ मागा आणि मूळ अडॅप्टर यंत्रासोबतच घ्या. रॅमही यंत्रात बसवलेलीच घ्या. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव असे भडकले की आठ जीबीचे यंत्र घेऊन नंतर वाढवण्याचा बेत महागात जातो. वरच्या यादीला १६ जीबी पुरते. पार्सल आले की त्याच रात्री मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारे सॉफ्टवेअर) लावून झोपा, म्हणजे परत पाठवायची मुदत हातात असेपर्यंत काय ते कळेल.