कलौंजीच्या तेलाची बाटली आणि किडनीची हमी

मंगल कार्यालयात ‘मोफत मधुमेह शिबिर’ भरतं. तिथे ‘मधुमेह बरा होतो, किडनी वाचते’ अशी हमी देऊन कलौंजीच्या तेलाची बाटली विकतात. सकाळी अकराला बोटाला सुई टोचून शुगर मोजतात. नाश्ता करून आलेल्या मधुमेह्याची शुगर २३०-२४० भरते, आणि तो आकडा मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहिला जातो. पंधरा दिवसांनी बोलावताना मात्र सांगतात, ‘उपाशीपोटी या.’ आता १५० येते. फरक नाश्त्याचा असतो, श्रेय तेलाला मिळतं.

मधल्या वेळात ग्लासचा प्रयोग होतो. पाण्यात जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब टाकतात, पाणी तांबूस होतं. ‘ही तुमच्या किडनीतली घाण.’ मग ड्रॉपरने ‘तेलाचे’ थेंब सोडले की रंग क्षणात नाहीसा. घरी चमचाभर लिंबाचा रस घालून बघा, तोही हेच करतो. त्यातल्या क व्हिटॅमिनमुळे आयोडीनचा रंग जातो. शिवाय खऱ्या तेलाचा पाण्यावर तवंग येतो. थेंब नितळ पाण्यात विरघळले असतील, तर ड्रॉपरमध्ये तेल नव्हतंच.

विक्रेता ‘संशोधन’ दाखवतो, ते बहुतेकदा उंदरांवरचं असतं. स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन उंदरांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात आणि काही आठवडे तेल पाजतात. मग मूत्रपिंडाच्या ऊतीत मॅलॉनडायअल्डिहाइड (पेशींच्या नुकसानीची खूण) उतरलं का, ग्लुटाथायोन (ते नुकसान रोखणारं, म्हणजे अँटिऑक्सिडंट द्रव्य) वाढलं का, हे पाहतात. कलौंजीतल्या थायमोक्विनोन या अँटिऑक्सिडंट द्रव्याचे असे निकाल चांगले आलेत, ते खोटे नाहीत. पण त्यावरून वीस वर्षं मधुमेह असलेल्या माणसाची किडनी वाचेल असं म्हणता येत नाही. अँटिऑक्सिडंटची माणसांवरची मोठी परीक्षा ‘होप’ अभ्यासात झाली. त्यातल्या ३६००हून अधिक मधुमेह्यांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई व्हिटॅमिन दिलं, सुमारे साडेचार वर्षं. ना हृदयाला फायदा झाला, ना किडनीला. त्याच अभ्यासात रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने किडनीचा आजार कमी केला. शिबिरात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

खरी फसवणूक इथे आहे: हमी किडनीची, डोळ्यांची, नसांची देतात आणि मोजतात फक्त शुगर. किडनीचं नुकसान सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही, त्यामुळे खोटं बोलणारा सापडत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन गळतं का ते कळतं; ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवं), ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) आणि डोळ्याचा पडदा तपासा. तेलवाल्याला विचारा, यांतला कोणता आकडा बदलणार, किती महिन्यांत?

बाटलीकडेही नीट बघा. किलोभर कलौंजीतून थंड घाण्यावर साधारण २५०-३०० मिली तेल निघतं. म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलो बी लागतं. बियांच्या भावापेक्षा तेल स्वस्त असेल तर भेसळ नक्की समजा. पारदर्शक बाटली उन्हात ठेवली की तेल खवट होतं, आणि खवट तेलात पेरॉक्साइड वाढलेले असतात. पेरॉक्साइड पेशींना इजा करतात, म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून घेतलं ते काम नेमकं उलट करतं. शिवाय तीन चमचे तेलात (१५ मिली) सुमारे १२० कॅलरी असतात, त्या रोजच्या जेवणाच्या हिशेबात धरा.

तेलासोबत ‘जोड’ म्हणून येणाऱ्या कॅप्सूल किंवा चूर्णापासून सर्वांत जास्त सावध राहा. अशा मालात ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. शुगर खरोखर उतरते आणि विश्वास बसतो. किडनी कमजोर असेल तर ते औषध शरीरात रेंगाळतं, शुगर नको इतकी उतरते नि रात्री घाम, थरथर, बेशुद्धी येते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठा. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नका. इन्सुलिन तर कुणाच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका. टाइप १च्या रुग्णाला (ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) उलट्या, पोटदुखी, धाप लागून जिवावर बेतू शकतं.

पैसे गेलेच असतील तर बाटली फेकू नका. बिल, पत्रक, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि लेबलवरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक यांचे फोटो काढा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४च्या ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्याने गुन्हा आहे. तक्रार एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) जिल्हा कार्यालयात करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.