हाताने ओढायचा ऑइल पंप: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या) नळीतून इंजिन ऑइल वर ओढून घेणारा हातपंप मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. सहा लिटरची प्लॅस्टिकची टाकी, वर दट्ट्या, सोबत जाड-बारीक नळ्या. वीज नको, जॅक नको, गाडीखाली झोपायला नको. बहुतेक जण तो घरच्या घरी ऑइल बदलायला घेतात. मला मात्र तो इंजिनचा बिघाड शोधायला जास्त उपयोगी पडला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल. सर्व्हिसिंग होऊन आली आणि थोड्याच दिवसांत बिघडली. कसारा घाटात पिकअप पडला, सिग्नलला उभी असताना मिसिंग मारायची, सकाळी चालू केली की निळसर धूर, आणि इंजिनच्या वरच्या भागातून टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजल्यासारखा टकटक आवाज. स्कॅनरवर पी०३०० हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं). दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ऐकलं की पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागेल. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं बोटभर वर! पुस्तिकेप्रमाणे फिल्टर धरून तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. बिलावर चार लिटरचा अख्खा डबा होता.

जास्त ऑइलने इंजिन बिघडतं कसं, हे समजून घेणं गरजेचं आहे. चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथली) पातळी वर आली की क्रँकशाफ्टचे वजनदार भाग फिरताना ऑइलवर आपटतात आणि ताक घुसळल्यासारखा फेस होतो. इंजिनच्या आतला ऑइल पंप मग ऑइलबरोबर हवाही ओढतो, प्रेशर पडतं, वरचे भाग कोरडे वाजतात. दुसरीकडे ऑइलची वाफ आणि तुषार पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर नेणाऱ्या झडपेतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या मार्गात, जातात, जळतात, प्लग काळे-ओले होतात. निळा धूर आणि मिसिंग तिथून येतं. रिंगा गेल्यावरही अगदी हीच लक्षणं दिसतात. म्हणून पातळी बरोबर केल्याशिवाय इंजिन उघडायला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पाव-अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तर सहसा एवढं होत नाही; जवळपास लिटरभर जादा असेल तर गाडी चालवूच नये. ऑइल जळत राहिलं तर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) हेही खराब होऊ शकतात, आणि तो खर्च मोठा असतो.

पंप वापरताना एक युक्ती सापडली. डिपस्टिक नळीशेजारी धरायची आणि मुठीपासून वरच्या खुणेपर्यंतच्या लांबीवर नळीला चिकटपट्टी लावायची. नळी तेवढीच आत सोडली की ऑइल खुणेपर्यंत उतरतं आणि पुढे नुसती हवा येते. तरी खात्री डिपस्टिकनेच करायची: सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, एकदा पुसून मग वाचन. ऑइल कोमट असावं. गार ऑइल फार हळू येतं, आणि कढत ऑइलने नळी मऊ पडून आत दुमडते.

ओढलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून बघा. पेट्रोलचा वास आला तर पातळी वाढण्याचं कारण ओतणारा नसेल, इंधन खाली उतरत असेल. दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळल्याचा संशय धरा. माझं स्वच्छ निघालं. मग प्लग काढून साफ केले, थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि पीसीव्हीची नळी पुसली, कोड मिटवला. टकटक लगेच थांबली, धूर मात्र काही दिवस येत राहिला, कारण इनटेकमध्ये बसलेलं ऑइल जळून जायला वेळ लागतो. तेवढ्यात घाबरून रिंगा बदलायला निघू नका. त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घेतलं, चारही सिलिंडर सारखे निघाले. पी०३०० आजतागायत परत आलेला नाही.

शेजारच्या काकांच्या बीएस-६ डिझेल गाडीत वेगळीच गोष्ट दिसली. कोणीही ऑइल न ओतता पातळी चढत होती. गाडी रोज दूध-भाजीपुरतीच फिरायची, डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहायची आणि त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरायचं. तिथे जादा ऑइल काढून भागत नाही, कारण उरलेलंही पातळ झालेलं असतं. पूर्ण ऑइल बदलून अधूनमधून हायवेवर गाडी पळवायला सांगितलं. डिझेलमध्ये हे जास्त काळजीने घ्या: इनटेकमध्ये भरपूर ऑइल गेलं तर तेच इंधन होऊन इंजिन चावी फिरवूनही बंद होत नाही.

पंपाच्या उणिवाही आहेत. तळाचा गाळ त्याने निघत नाही, म्हणून पूर्ण ऑइल बदलताना मी खालचा नटच उघडतो. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, त्यांना हा निरुपयोगी. सहा महिन्यांत दट्ट्याचं रबर सुकून व्हॅक्यूम धरेना, थोडं ऑइल चोळल्यावर परत चालू झाला. घेताना सगळ्यात बारीक नळी आपल्या डिपस्टिकच्या भोकातून जाते का ते दुकानातच विचारा, आणि काढलेलं ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. किंमत मला एका सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा कमी पडली.