लेस: पडदा जसा होता तसा परत देणारा पेजर

लांबलचक लॉग फाइल वाचून ‘क्यू’ दाबले की आधीच्या आज्ञा आणि त्यांची उत्तरे टर्मिनलवर जिथल्या तिथे दिसतात, ही ‘लेस’ या पेजरची, म्हणजे लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रामची, सोय मला मनापासून आवडते. सुरू होताना लेस टर्मइन्फोमधील (टर्मिनलांच्या क्षमतांची नोंद असलेल्या डेटाबेसमधील) ‘एसएमकप’ ही सूचना पाठवतो आणि एक्सटर्मसारखे टर्मिनल ती मिळताच कर्सरची जागा जपून कोऱ्या पर्यायी पडद्यावर जाते. बाहेर पडताना पाठवलेली ‘आरएमकप’ ही सूचना मूळ पडदा परत आणतो. जुना मजकूर सांभाळण्याचे काम टर्मिनलचे, लेसचे नव्हे, आणि ही वाटणी मला योग्य वाटते.

अडचण एकच, पण रोजची. मॅन पेजमध्ये, म्हणजे आज्ञेच्या माहितीपानात, सापडलेला आज्ञेचा पर्याय टाइप करायला बाहेर यावे, तर तो मजकूर नाहीसा झालेला असतो आणि एक्सटर्ममध्ये वर सरकवूनही सापडत नाही, कारण पर्यायी पडद्यावरचा मजकूर मागच्या इतिहासात साठतच नाही. त्यासाठी लेसचा कॅपिटल ‘एक्स’ हा पर्याय आहे: तो दिल्यास या सूचना पाठवल्याच जात नाहीत आणि शेवटचे पान समोर राहते. लेसचे नेहमीचे पर्याय ज्यात ठेवतात ते ‘लेस’ याच नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवलेले नसेल, तर गिट हा कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रामही लेसला ‘एफआरएक्स’ (एफ, आर आणि एक्स) हे पर्याय लावतो. मॅन पेजसाठी ‘एक्स’ जरूर लावावा. लॉगसाठी मात्र लेसची मूळ वागणूकच उत्तम.